नवलनानांचं लिनक्स

पारोळ्याचे नवलनाना चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या मुलीने, पुनमने, त्यांना कॉम्प्युटर घेऊन दिला. त्यावर चित्रं काढण्याचं नानांना वेडच लागलं. पण पुढे तो इतका मंदावला, की चालू करून नाना आंघोळ उरकून येत. दुकानदार म्हणाला, "नवाच घ्या." पण जुना टाकून द्यायला नानांचं मन होईना.

दिवाळीला पुनम धुळ्याहून पेनड्राइव्हमध्ये लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी हलकी प्रणाली, घेऊन आली. आधी तिने सगळी चित्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतली. मग जुनं विंडोज पुसायचं का, असा प्रश्न स्क्रीनवर आला आणि नानांचा हात माउसवरच थबकला. आपण इथे आहोत असा धीर देत शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी भागाबाई म्हणाल्या, "दाबा ना. मी शे ना आठे!"

नानांनी दाबलं. कॉम्प्युटर पुन्हा पळायला लागला.

पुनम परत गेल्यावर नाना एकटेच चित्रांचं सॉफ्टवेअर टाकायला बसले. आज्ञा लिहायच्या काळ्या चौकटीत पासवर्ड लिहू लागले, तर एकही अक्षर उमटेना. त्यांनी घाबरून फोन लावला.

"पोरी, कीबोर्ड गेला गं!"

पुनम हसली. "नाना, तिथे अक्षरं दिसतच नाहीत. लिहा आणि एंटर दाबा."

सॉफ्टवेअर सुरू झालं. नानांनी पहिलं चित्र भागाबाईंचंच काढलं. त्या चष्मा लावून कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"हाई नाक मनं नही शे," हे आपलं नाक नाही म्हणून त्या स्वतःच्या नाकाला हात लावत म्हणाल्या.

नाना ते खोडायला गेले, तर "राहू द्या" म्हणत भागाबाईंनी माउस त्यांच्या हातातून काढून घेतला.