ओझेवाल्याचा वाटाड्या कोणी केला

दामोदर गुरुजींना साठ वर्षं पूर्ण झाली, त्यांच्या गौरवग्रंथात मीही लिहावं असा निरोप आला. मी दुसरीपर्यंत शिकलेली. नातीनं शुद्धलेखन तपासलं. शब्दांना हात लावायचा नाही, असं तिला बजावलं होतं.

गुरुजी पहिल्यांदा भेटले तेव्हा ते अकोल्यात शिक्षक होते. छत्री अन् वही घेऊन आमच्या ओसरीवर आले. मला वाटलं, खानेसुमारीवाले.

"घरात मानसं किती ते मागंच सांगितलंय," मी म्हटलं.

"मावशी, मला जिवंत माणसं नकोत. गोऱ्यांनी गड घेतला तेव्हाची पाहिजेत."

गावच्या माणसानं आपखुशीनं फौजेला गडाची वाट दाखवली, असं फौजेतल्या गोऱ्या साहेबाच्या जुन्या सरकारी बुकात होतं. तो माणूस म्हणजे माझ्या सासऱ्यांचे पणजोबा. जत्रेत पहिला नारळ फोडायचा मान दरसाल ओळीनं एकेका घराकडं जातो. आमचं घर ओलांडून तो पुढं जायचा.

गुरुजी त्यावरच कादंबरी लिहीत होते. त्यांनी एक पान वाचलं. त्यात दारूगोळ्याच्या पेट्या बैलांवर लादून गडावर नेल्या होत्या.

"गुरुजी, राग धरू नका, पन गडाच्या वाटंवरल्या त्या कपारीतनं शेळी जाती, बैल न्हाई. वेठीला धरलेली मानसंच चढली आसतील."

बोलले अन् सासूबाई आठवल्या. पणजोबांच्या खांद्याचं सालटं निघालं होतं, असं त्या हळूच सांगायच्या. लाजेपायी घरानं ते बाहेर काढलंच नव्हतं. गुरुजींना मी ते पहिल्यांदा सांगितलं.

"ओझेवाला कुठं चालतो?" गुरुजींनी विचारलं.

"म्होरं. त्याच्या चालीनं बाकीचे."

"अन् मागून चालणाऱ्या साहेबानं त्याला वाटाड्या लिहिलं!"

तरी त्यांनी लगेच मान्य केलं नाही. "तुमच्या घराचा डाग पुसायला मी लिहीत नाही," असं तोंडावर सांगितलं. तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन स्वतः गड चढायला निघाले, तीनदा बसले, शेवटी पोतं माझ्या थोरल्यानं आणलं. पण आजूबाजूच्या गावांतही गुरुजी फिरले. सोललेल्या खांद्याची गोष्ट आणखी दोन घरांत निघाली. मगच त्यांनी ते प्रकरण नव्यानं लिहिलं.

कादंबरी मारुतीच्या देवळात रोज थोडी वाचली गेली. आमचे पाटील उखडले, "सरकारी बुक खोटं, अन् ही रचलेली गोष्ट खरी व्हय?"

गुरुजी शांतपणे म्हणाले, "माझी गोष्ट रचलेलीच आहे, पाटील. पण बुक लिहिणाऱ्याच्या खांद्यावर त्या दिवशी काय होतं, एवढं विचारा."

पाटलांनी पानाचा डबा उघडला, बंद केला.

यंदाच्या जत्रेत ते स्वतः नारळ घेऊन आमच्या दारात उभे राहिले. मी रडले वगैरे नाही. थोरल्यानं नारळ फोडला, मी खोबरं चाखून पाहिलं. गोड होतं. एक वाटी गुरुजींकडं पाठवली.

गुरुजींनी शंभरी गाठावी, दात अन् गुडघे शाबूत राहावेत. पुढच्या कादंबरीत पुन्हा बैल चढवले, तर त्यांना गडावर नेऊन दाखवायला मीही तोवर राहणार आहे.