फेनविकचा दगड आणि रामभाऊंची सही

रामभाऊ भोवते एका जागी स्वस्थ बसलेत, असं अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नमध्ये कोणी पाहिलं असेल तर ते स्वप्नात पाहिलं असावं. भंडारा जिल्ह्यात त्यांनी चौतीस वर्षं भूकरमापकाची नोकरी केली. सरकारनं त्यांना जमिनी मोजायला लावलं आणि निवृत्त करताना आता थांबा म्हणून सांगायचं विसरलं. लेकीकडे, सोनलकडे, आल्यापासून त्यांनी कॉलनीतला एकूण एक फुटपाथ पावलांनी मोजून काढला होता. शेजाऱ्याचं कुंपण आपल्या हद्दीत आठ इंच आत आलंय, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात चारचौघांत जाहीर केलं. त्यानंतर जावयाला, कुशलला, पंधरा दिवस शेजाऱ्याची नजर चुकवून गाडी बाहेर काढावी लागली.

पण गेल्या आठ दिवसांतलं चालणं वेगळं होतं. जेवता जेवता उठायचे, चहा अर्धा टाकायचे, फोन वाजला की तो उशीखाली सरकवून बाहेर पडायचे. सोनलला वाटलं, बाबांना गावाची आठवण येतेय. तिनं वरण-भात करून पाहिलं, पाटोडी करून पाहिली. बाबांचा जीव काही थाऱ्यावर येईना.

फोन संजयचा होता. हा संजय भंडाऱ्यात वकिली करतो. त्याच्या गावात तलावाच्या काठाला बुद्धविहाराची जागा आहे, आणि तिला लागून एका बड्या माणसाची जमीन. त्या माणसाला आता तिथं लग्नाचं लॉन बांधायचंय. विहाराची विहीर आणि तिच्या पुढची पट्टी आपलीच, असं तो म्हणतो. आणि म्हणतो कशाच्या जोरावर, तर १९९० सालच्या सरकारी मोजणीच्या नकाशावर. खाली सही, रा. भोवते. सोमवारी सुनावणी होती. संजयनं फार अदबीनं विचारलं होतं, की काका, ती मोजणी कशी झाली ते तुम्ही लिहून द्याल का? रामभाऊंनी आधी बीपीचं कारण सांगितलं, मग रेंजचं, आणि मग फोन उचलणंच सोडलं.

मोजणी कशी झाली हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. जुन्या मोजणीच्या टिपणाप्रमाणे हद्दीचा दगड विहिरीजवळच्या चिंचेच्या पलीकडे पडत होता आणि तसा तो जमिनीतही होता. वरिष्ठांनी आदल्या दिवशी बोलावून सांगितलं, दगड चिंचेच्या अलीकडे आला पाहिजे, नाहीतर गडचिरोलीची बदली तयार आहे. रामभाऊंनी नकाशात दगड अलीकडे आणला, आणि विहीर त्या बड्या माणसाच्या हद्दीत गेली. गावातली एक बाई, रमाबाई, दिवसभर त्या जुन्या दगडापाशी उभी होती. माझ्या सासऱ्यानं दाखवलेला दगड हा, असं ती सांगत राहिली. रामभाऊ म्हणाले, बाई, कागद बघावा लागतो. ती रमाबाई म्हणजे संजयची आजी.

आता यात आणखी एक काटा होता. रामभाऊंचे आजोबा गावाच्या शिवेचे साक्षीदार. दोन गावांत शिवेवरून वाद पेटला की शिवेवरची माती डोक्यावर घेऊन महारानं चालायचं, आणि तो चालेल ती हद्द. ज्या गावानं त्यांना विहिरीवर चढू दिलं नाही, ते गाव त्यांच्या पावलांवर मात्र विश्वास ठेवायचं. रामभाऊंच्या वडिलांना या वेठीचा मनस्वी राग होता. महारवतन गेलं तेव्हा त्यांनी घरात पेढे वाटले आणि पोराला शिकवलं. पोरगा शिकला, त्याच कामाला सरकारी पगारावर लागला, आणि त्यानं हद्द चुकवली, तीही आपल्याच माणसांची. रामभाऊंना हे कोणी सांगायची गरज नव्हती. ते स्वतःला रोज सांगत होते.

आणि घरात? घरात रामभाऊ म्हणजे खोटी सही न केलेला माणूस. सोनल हे वाक्य ऐकतच वाढली होती. बोलणारे अर्थात रामभाऊच. पुढच्या रविवारी जवळच्या हर्नडनला आंबेडकरी मंडळींच्या बुद्धजयंतीच्या कार्यक्रमात त्यांचा सत्कार ठरला होता आणि पंधरा वर्षांची नात, केया, त्यांची ओळख करून देणार होती. तिनं भाषण लिहूनही ठेवलं होतं. संजयला खरं लिहून दिलं की ते भाषण गेलं, लेकीपुढचा मान गेला. नाही दिलं तर विहीर गेली. या दोहोंच्या मध्ये रामभाऊ आठ दिवस येरझाऱ्या घालत होते.

शनिवारी सोनलनं सगळ्यांना पहाटे गाडीत कोंबलं आणि समुद्राकडे काढलं. कुशल ड्राइव्ह करत होता. चार तासांनी, दहाच्या सुमाराला, फेनविकच्या दीपगृहाशी गाडी थांबली. डेलावेअर आणि मेरीलँड या दोन राज्यांची हद्द तिथं समुद्राला भिडते. दीपगृहापाशी एक बुटका, जुनाट दगड उभा होता. बाकीचे लोक दीपगृहाचे फोटो काढत होते. रामभाऊ मात्र थेट दगडापाशी गेले, उकिडवे बसले आणि त्यांनी त्यावरून हात फिरवला. दक्षिणेच्या अंगाला एक राजचिन्ह होतं, उत्तरेच्या अंगाला दुसरंच.

“हा हद्दीचा दगड आहे,” ते म्हणाले. आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या आवाजात धार आली.

केयानं शाळेत यावर प्रोजेक्ट केलं होतं, त्यामुळे पुढची कहाणी तिनं सांगितली. निम्मी इंग्रजीत, निम्मी हातवाऱ्यांनी. डेलावेअरच्या या किनाऱ्यावर आधी डचांनी वस्ती केली. ती वर्षभरात जळून, माणसं मरून संपली. लगेच पुढच्या वर्षी इंग्लंडच्या राजानं कॅल्व्हर्ट घराण्याला हा सगळा मुलूख लिहून दिला, पण सनदेत मेख होती की जिथं आधी कोणी शेती केलेली नाही तेवढीच जमीन. पन्नासेक वर्षांनी राजघराण्यानं त्यातलाच किनारा पेन घराण्याला देऊन टाकला. पेनवाले म्हणाले, डचांनी इथं आधीच नांगर घातला होता, म्हणजे हा तुकडा तुमचा नव्हताच. मेलेल्या डचांच्या राखेवर वकिलांच्या पिढ्या पोसल्या. त्या किनाऱ्यावर पूर्वापार मासे धरणाऱ्या, मका लावणाऱ्या मूळच्या लोकांना साक्षीला कोणी बोलावलं नाही. रामभाऊंनी तेवढं मुद्दाम विचारून घेतलं.

शेवटी १७३२ साली लंडनमध्ये तडजोड झाली. हेनलोपेन नावाच्या भूशिरापासून रेघ मारायची ठरली आणि त्यासाठी नकाशा आणला गेला. त्या नकाशावर ते भूशीर होतं त्या जागेपासून वीस-पंचवीस मैल दक्षिणेला दाखवलं होतं, म्हणजे कॅल्व्हर्टच्या, मेरीलँडच्या, मुलखात खोल आत. गंमत अशी की नकाशा कॅल्व्हर्टनंच आणलेला होता. त्यानं सही केली. मग चूक कळल्यावर त्यानं आकाशपाताळ एक केलं. खटला चालला आणि अठरा वर्षांनी कोर्ट म्हणालं, नकाशा तुझा, सही तुझी. मग हा दगड इथं बसला, आणि दोन राज्यांची हद्द अजूनही इथंच आहे.

रामभाऊंना त्या मेलेल्या कॅल्व्हर्टचा एकदम कळवळा आला. ते हिरिरीनं त्याची बाजू मांडायला लागले. कामाचा बोजा असेल, वरून दडपण असेल, माणसाला घाई असते, एका सहीवर कुणाची सगळी लायकी ठरवायची का? कुशल चकित होऊन बघत राहिला. तीनशे वर्षांपूर्वीच्या जमीनदाराचा सासऱ्यांना इतका पुळका का, हे त्याला समजेना.

“बट आजोबा, ही साइन्ड इट,” केया म्हणाली.

“अगं, त्याला माहीत नव्हतं. तो लंडनमध्ये बसलेला. त्यानं हा किनारा पाहिलाच नव्हता.”

“ओके. सो दॅट्स हिज एक्स्क्यूज. ही डिडन्ट सी.”

रामभाऊंनी तर पाहिलं होतं. चिंच पाहिली होती, दगड पाहिला होता, दगडापाशी उभी असलेली बाई पाहिली होती. ते उठले आणि दगडाभोवती फिरायला लागले. एक फेरी, दोन फेऱ्या, तीन. चौथ्या फेरीला सोनलनं त्यांचा दंड धरला आणि विचारलं, बाबा, झालंय काय?

तिथंच उभ्या उभ्या त्यांनी सगळं सांगून टाकलं. शेवटी ते म्हणाले की तू तेव्हा दुसरीत होतीस, गडचिरोलीला तुझ्या शाळेचं काय झालं असतं.

“ते माझ्या नावावर नका टाकू, बाबा,” सोनल म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता. “गडचिरोलीतही शाळा होत्या.”

हे बरोबर होतं. रामभाऊंना ते लागलं, आणि जिथं लागायला हवं तिथंच लागलं. “नाही टाकत,” ते म्हणाले. “मी घाबरलो होतो. एवढंच.”

केयाला मराठी सगळं कळलं होतं की नाही कोण जाणे. ती आजोबांकडे पाहत नव्हती. सत्काराचं भाषण तिच्या फोनमध्ये होतं आणि तो फोन तिनं खिशात ठेवून दिला. रामभाऊंनी ते पाहिलं. यापेक्षा गडचिरोली परवडली असती, असं त्यांना वाटून गेलं.

मग त्यांनी स्वतःचा फोन काढला. भंडाऱ्यात संध्याकाळचे साडेसात-आठ झाले असणार. संजयनं पहिल्याच रिंगला उचलला. बीपीची चौकशी करायला लागला, तर रामभाऊंनी त्याला थांबवलं आणि कागद-पेन घ्यायला लावलं.

“लिहा. नव्वदचा नकाशा चुकीचा आहे. चूक झालेली नाही, मी केलेली आहे. जुना दगड चिंचेपासून उगवतीला बावीस पावलांवर होता. मी डोळ्यांनी पाहून तो अलीकडे दाखवला. कुणाच्या सांगण्यावरून, तेही लिहून देतो. आज रात्रीपर्यंत सही करून पाठवतो.”

मग संजय म्हणाला, आजी शेजारीच बसली आहे, स्पीकर चालूच होता. रामभाऊंनी डोळे मिटून घेतले. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईच्या शिव्या ऐकायची त्यांची तयारी होती.

“बावीस नाई, साहेब, तेवीस,” रमाबाईंचा आवाज आला. “तुमचे पाय लंबे हायत.”

रामभाऊंनी डोळे उघडले.

“मले तवाच समजलं होतं,” ती म्हणाली. “आपला मानूस मनून म्या तुमच्यासाठी घरून गडवाभर पानी आनलं होतं. तुमी दिवसभर उन्हात होते, पन पानी न पेताच गेले.”

रामभाऊ त्या दगडापाशी मटकन खाली बसले. ऊन वाढलं होतं, लोक ये-जा करत होते, सोनल बाजूला उभी होती, आणि ते हलले नाहीत.

“आता गावात आले मन्जे पानी पेजा,” रमाबाई म्हणाल्या. “हीर आहे आजून.”