अकरा जणांनी फोडलेला सांत आंतोन

आमच्या चर्चमधल्या अकरा मुलांनी एका शनिवारी दुपारी फादरांपुढे कबूल केलं, की सांत आंतोनची मूर्ती आपण फोडली. मूर्ती एकच होती. अकरांपैकी दहा जणांनी ती कधी पाहिलीसुद्धा नव्हती. आणि ज्याने ती खरोखर फोडली होती, तो इसम त्या वेळी तिसऱ्या बाकावर बसून, मुलांची तयारी आपण किती छान करून घेतली या विचाराने स्वतःवरच खूश होत होता. तो इसम मी.

त्याचं असं झालं. चर्चमधल्या मुलांना धर्मशिक्षण (आमची जुनी माणसं त्याला दोतोर्न म्हणतात) सिस्टर देतात. गेली कित्येक वर्षं देतात, मलाही त्यांनीच दिलं, आणि त्याचा परिणाम पुढे दिसेलच. यंदा ऐन वेळी सिस्टरांचा गुडघा गेला. ऑपरेशनसाठी त्या बेळगावला निघाल्या आणि जाताना वर्ग माझ्या गळ्यात घालून गेल्या. माझी मुलगी जेनिशा त्याच वर्गात होती, मी सरकारी कचेरीत कारकून, म्हणजे माझं अक्षर बरं असणार, एवढीच माझी पात्रता.

काम तसं सोपं होतं. दोन रविवारांनी मुलांचं फर्स्ट कम्युनियन होतं, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलांनी वेदीपुढे जाऊन आयुष्यात पहिल्यांदा पवित्र भाकर घ्यायची. त्याआधी प्रत्येकाने फादरांपुढे गुडघे टेकून आपली पापं सांगायची, म्हणजे कन्फेशन. प्रार्थना सिस्टरांनी पाठ करून घेतल्याच होत्या. राहिली होती ती फक्त पापं.

पहिल्याच दिवशी मी मुलांना विचारलं, कोणाकोणाची काय पापं आहेत ते आठवा. एकाने पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारलं. दुसऱ्याने, पाप नसेल तर चालेल का, असं विचारलं. चालणार नाही म्हटल्यावर तो रडायलाच लागला. आता आली का पंचाईत!

मी रोज मालवणहून एसटीने ओरोसला जातो. आमच्या कचेरीत कोणाला काही सुचत नसलं, की त्यावर एकच उतारा असतो, नमुना. भिंतीवर भरलेला नमुना अर्ज लावायचा, लोकांनी तो बघून आपापला भरायचा. (प्रत्यक्षात लोक नमुन्यातलंच नाव, नमुन्यातलंच गाव आपल्या अर्जावर उतरवतात. मी रोज असे अर्ज परत करतो आणि वर शहाणपणाने बोलतोही, की अहो, जरा डोकं वापरा.) तर जेवणाच्या सुट्टीत मी चार रकान्यांचा तक्ता आखला. केलेला दोष, किती वेळा, कोणाविरुद्ध, शेरा. वर अर्जदाराचं नाव म्हणून 'अबक' लिहिलं. तळाला बारीक अक्षरांत लिहिलं, 'हा केवळ नमुना आहे, प्रत्येकाने आपापले लिहावे.'

नमुना रिकामा ठेवून चालत नाही, भरावा लागतो. पण परक्याची पापं कुठून आणणार? डबा संपेपर्यंत विचार केला आणि जी जवळ होती ती लिहून काढली.

एक, चर्चमध्ये मिस्सा चालू असताना मागच्या बाकावर झोपलो. दोन, बरं नाही सांगून शाळेला दांडी मारली (मूळ शब्द ऑफिस होता, तेवढा मी मुलांसाठी बदलला) आणि जेट्टीवर ताजे मासे आणायला गेलो. तीन, सासूने वेंगुर्ल्याहून आणलेलं सुंगटाचं (म्हणजे कोळंबीचं) लोणचं परस्पर साहेबांना देऊन टाकलं आणि घरी संपलं म्हणून सांगितलं. चार, डास मारायच्या रॅकेटने सांत आंतोनची मूर्ती फोडली आणि आळ मांजरावर घातला.

या चौथ्या कलमाबद्दल थोडं सांगायला हवं. ती मूर्ती माझ्या सासूबाईंची. त्यांना सगळी पाणंद 'माय' म्हणते, मीसुद्धा म्हणतो. ती त्यांच्या आईची, वेंगुर्ल्याच्या घरातून पदराखाली धरून आणलेली, आमच्या घरातल्या आल्तारावर, म्हणजे देव्हाऱ्यात, ठेवलेली. दोन वर्षांपूर्वी एका डासाच्या मागे मी रॅकेट फिरवली, डास गेला आणि सांत आंतोनची मान हातात आली. मी ती घाईघाईने चिकटवली, पण जरा वाकडी बसली. संत तेव्हापासून स्वयंपाकघराकडे बघतो. मायच्या ते ध्यानात आलंच. मी म्हटलं, मांजर चढलं होतं. झालं! त्या दिवसापासून मांजराला घर बंद, माशाचं डोकं बंद, आणि दिसलं की खराट्याचा फटका. मांजराने बिचाऱ्याने तक्रार कोणाकडे करायची? त्याला तर लिहिताही येत नव्हतं.

तर या नमुन्याच्या अकरा प्रती काढून मी मुलांना वाटल्या. जेनिशाने वाचून मला हळूच विचारलं, "पप्पा, ह्या आमच्याच घरातला मा?" मी सांगितलं की नमुन्यात काहीही लिहितात. तिचं समाधान झालं. पप्पा सरकारी माणूस, पप्पांनी छापून आणलंय म्हणजे ते बरोबरच असणार, अशी तिची माझ्यावर श्रद्धा. ती तेव्हा होती.

शनिवारी दुपारी फादर पडदा सोडून कन्फेशनच्या लाकडी खोक्यात बसले. फादर तरुण, वसईकडचे, आमच्याकडे येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. पहिलं मूल गेलं आणि तीन मिनिटांत बाहेर आलं. दुसरं गेलं, आलं. तिसरं बाहेर आल्यावर पडदा जरा बाजूला झाला आणि फादरांनी रांगेकडे पाहिलं. पाचव्यानंतर पुन्हा पाहिलं. आठव्यानंतर त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि रांगेतली मुलं बोटाने मोजली. मला वाटलं, मुलांचं पाठांतर बघून थक्क झाले असतील. झालेच होते.

संध्याकाळी मी घरी ओसरीवर चहा पीत होतो. बायको लवीना आत जेनिशाच्या पांढऱ्या ड्रेसला लेस लावत होती. माय नारळ सोलत होती. तेवढ्यात पाणंदीतून अकराही मुलं ओळीने आमच्या खळ्यात आली. आघाडीला आमची जेनिशा. कोणाच्या हातात पेडव्याची डोकी, कोणाच्या हातात अख्खा बांगडा, एकाकडे वाटीभर पेज, एकाकडे बिस्किटांचा पुडा. सगळी मुलं सरळ कोपऱ्यातल्या आमच्या मांजरापुढे जाऊन बसली आणि एकेक जण आपापला जिन्नस मांजराच्या पुढ्यात ठेवू लागला. दोन वर्षांच्या उपासानंतर मांजरापुढे हे एकदम चर्चच्या फेस्ताच्या जेवणासारखं ताट आलं. ते आधी मागे सरलं. मग मायच्या खराट्याकडे एकदा बघून बांगड्यावर तुटून पडलं.

मायने कोयता खाली ठेवून विचारलं, "ह्या काय चल्लाहा रे?"

सगळ्यांत छोटा होता तो म्हणाला, "फादरानी सांगल्यानी. मांजराक आधी खावक घाल, मगे तीन नमो मरिया म्हण. आमी सांत आंतोन फोडलंव आणि मांजराचा नाव सांगलंव."

"कोणी फोडल्यान?"

"मी," छोटा म्हणाला. "मी," त्याच्या शेजारची म्हणाली. अकराही जणांनी हात वर केले. मी चहाचा कप तोंडापुढे धरून ठेवला, कप रिकामा होता.

मायचा हिशोब पक्का असतो. मूर्ती एक, फोडणारे अकरा, त्यातल्या दहा जणांनी आमच्या घराचा उंबरा ओलांडलेला नाही. तिने जेनिशाला जवळ घेतलं आणि प्रेमाने विचारलं. जेनिशाने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. "पप्पानी लिवन दिल्यानी," ती म्हणाली. "नमुनो आसा."

लवीना सुई हातात घेऊनच बाहेर आली आणि तिने तो कागद सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. लोणच्याच्या कलमापाशी ती थांबली. आठ वर्षांच्या मुलांनी सासूला फसवल्याची कबुली दिली होती, आणि फादरांनी ती ऐकून घेतली होती! एका मुलाने तर आत जाताच आपलं नाव अबक म्हणून सांगितलं होतं.

माय मला काहीच बोलली नाही. तिला राग आलाच होता, पण तिचे डोळे भरून आले होते ते मांजराकडे बघून. "दोन वर्सा मी ह्या मुक्या जनावराक मारलंय," एवढंच म्हणाली आणि आत गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

पण खरा घोर पुढेच होता. मुलांचे पालक तासाभरात जमले आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न होता, ही कन्फेशन्स धरायची की नाही? दुसऱ्याची पापं सांगून आपली माफ होतात का? नाही झाली, तर पुढच्या रविवारचं कम्युनियन कसं होणार? मुंबईहून पाहुण्यांची तिकिटं काढून झाली होती, केक सांगून झाले होते. मी म्हटलं, नियम बघावे लागतील. त्यावर एका बापाने माझ्याकडे असं पाहिलं, की मी नियमांचं नाव पुन्हा काढलं नाही.

सगळे गेल्यावर जेनिशा पायरीवर बसून राहिली. ड्रेस तिने घडी करून मांडीवर घेतला होता. "पप्पा, माझा कम्युनियन होवचा नाय?" तिने विचारलं. वर्षभर ती पोर रोज सकाळी प्रार्थना घोकत होती. तिचा दिवस मी माझ्या शहाणपणात घालवला, या विचाराने मला तिच्याकडे बघवेना. होईल, असं मी म्हणालो खरा, पण माझा मलाच भरवसा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मिस्सा संपताच मी फादरांना गाठलं आणि म्हटलं, कालच्या मुलांच्या कन्फेशनबद्दल बोलायचं आहे. फादरांनी हात जोडले. म्हणाले, "सायमन, कन्फेशनमध्ये ऐकलेल्यातलं एक अक्षर मी कोणाशी बोलू शकत नाही. मरेपर्यंत." बोलताना त्यांचा चेहरा असा झाला होता, की बोलायची गरज माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त असावी.

आता एकच वाट उरली. मी स्वतःच खोक्यापुढे गुडघे टेकायचे. (शेवटचे कधी टेकले होते, हे विचारू नका. लग्न ठरलं तेव्हा ते सक्तीचं होतं.) पडद्याआड फादर बसले. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "फादर, मी सांत आंतोनची मूर्ती फोडली, आणि आळ मांजरावर घातला."

मग ते लाकडी खोकं हलायला लागलं. आधी थोडं, मग चांगलंच. फादर खोकत होते, असं त्यांचं म्हणणं. मी तक्त्याची सगळी हकिगत सांगितली, तेव्हा पलीकडून दमलेला आवाज आला, "म्हणजे मूळ प्रत तुम्ही!"

तिथेच निकाल लागला. मुलांची यात काही चूक नाही, येत्या शनिवारी त्यांनी कागदाशिवाय परत यावं, जे खरं असेल ते सांगावं, दोन शब्द असले तरी पुरे, आणि रविवारचं कम्युनियन ठरल्याप्रमाणे होईल. माझ्या छातीवरून जातं उतरल्यासारखं झालं. त्या आनंदात उरलेली तीन कलमं सांगायची राहून गेली. (राहून गेली म्हणजे मी गिळली. जेनिशाने मात्र घरी विचारून घेतलंच, की मूर्तीशिवाय आणखी काय सांगितलं, आणि मी म्हटलं, काही नाही.) घरी येऊन बातमी दिली तर लवीना रडली, जेनिशा नाचली, आणि मायने त्या दिवशीच्या माशाच्या कढीतली सगळ्यांत मोठी तुकडी मांजराला घातली. मला शेपटी आली. मी ती न बोलता खाल्ली.

शनिवारी मुलं परत रांगेत उभी राहिली. एकेक जण आत जाई आणि दोन मिनिटांत हलकं होऊन बाहेर येई. शेवटी जेनिशा गेली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाकावरचे सगळे पालक माझ्याकडे वळून बघू लागले. नऊ वर्षांच्या मुलीला इतकं सांगण्यासारखं काय असेल, या काळजीने मला घाम फुटला. पंधराव्या मिनिटाला ती हसत हसत बाहेर आली.

"एवढा वेळ कित्याक?" मी विचारलं.

"माझी दोनच होती," ती म्हणाली. "फादर म्हणाले, आणि काय? मगे तुमची रवलेली सांगलंय."

"मग?"

"ती तुझी नाय म्हणाले. ज्याची आसत तेका धाड."

मी वर पाहिलं. पडदा बाजूला झाला होता आणि फादर मला बोटाने बोलवत होते. मी गेलो. अकरा मुलांना मिळून जेवढा वेळ लागला, जवळजवळ तेवढा मला एकट्याला लागला, पण बाहेर आलो तेव्हा मला खरंच बरं वाटत होतं.

रविवारी अकराही मुलं पांढऱ्याशुभ्र कपड्यांत वेदीकडे निघाली. जेनिशाने जाताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, तिचं सगळं लक्ष पुढे होतं, आणि माझे डोळे भरून आले. मुलांनंतर मोठ्यांची रांग लागली. लग्नानंतर पहिल्यांदाच मीही त्या रांगेत उभा राहिलो. तेवढ्यात मागून मायचा आवाज आला, आठवडाभरात माझ्याशी बोललेलं तिचं पहिलं वाक्य.

"जावय," ती हळूच म्हणाली, "तुमकाय एक पांढरो ड्रेस शिवूक व्हयो होतो."