चिमूटभर हिरवा रंग

माझ्या मोठ्या काकांना सगळे चिमूटकाका म्हणत. धंदा गळती शोधण्याचा. कुणाचं छत ठिबकू लागलं की काका वरच्या न्हाणीघराच्या फरशीवर रंगाचं पाणी साठवून ठेवत. दुसऱ्या दिवशी खालच्या खोलीचे पडदे ओढून जांभळ्या दिव्याचा झोत छतावर टाकत. पाणी जिथून झिरपलं असेल तिथे हिरवीगार रेघ चमकून उठे. रंग मात्र चिमूटभरच. "काका, हात जरा सैल सोडा की," असं गिऱ्हाईक म्हणालंच, तर काका म्हणत, "अति तिथे माती."

त्यामागचं कारण त्यांनी दोघांनाच सांगितलं होतं. एक त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे बाबा, आणि दुसरी मी, कारण अहवाल मी लिहायची. "रंगाचे कण लांब लांब असले की प्रत्येक जण घेतलेला उजेड परत देतो," काका सांगत. "दाटी झाली की हा त्याच्या हातात देतो, तो पुढच्याच्या. असा फिरत फिरत उजेड आतच विरतो, नुसती ऊब उरते. पाणी लालसर काळं दिसतं आणि दिव्याखाली ढिम्म."

तीस वर्षं काकांनी रंगाचा डबा कुणाच्या हातात दिला नव्हता. पण गुडघे बोलायला लागले आणि या वेळी तिसरा मजला होता; दुसऱ्यावर पोचतानाच काका दमले. "तू जा रे वर," म्हणून त्यांनी डबा बाबांना दिला.

खाली राहायच्या एक निवृत्त शिक्षिका. दोन वर्षं त्यांच्या पलंगावर पाणी ठिबकत होतं. वरचं घर इमारत बांधणाऱ्या कंत्राटदाराचंच होतं. गळती त्याची ठरली तर फरशी फोडून सगळं नव्यानं करणं त्याला भाग होतं, आणि तो म्हणत होता, बाईंचाच नळ फुटलाय. शेवटी दोघांनीही कबूल केलं होतं: चिमूटकाका सांगतील ते खरं. काकांच्या शब्दाची ही पत होती, आणि त्यांच्यापाशी दुसरं होतंच काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी पडदे ओढले. काकांनी दिवा फिरवला. छतावर गंजकट डाग होता, पण चमक नाही.

"जुना गंज आहे, दादा," बाबा म्हणाले. "वरून काही येत नाही. लिही गं, गळती नाही."

कंत्राटदार दारात उभा राहून हसत होता. बाई पलंगावर बसल्या. मी पेन उघडलंसुद्धा.

"थांब," काका म्हणाले. "परवा मी बघितला तेव्हा हा डाग एवढा लाल नव्हता."

स्टुलावर चढताना त्यांचे गुडघे कुरकुरले. मी खाली स्टूल धरलं. त्यांनी ओलं फडकं डागावर फिरवलं, एकदा, दोनदा, आणि पुन्हा दिवा धरला. छत पेटल्यासारखं हिरवं झालं. फडकं हिरवं, काकांच्या मनगटावरून ओघळणारे थेंब हिरवे. बाई "अगंबाई!" म्हणून उठून उभ्या राहिल्या.

काका खाली उतरले. "डब्यातली अख्खी पुडी ओतलीय कुणीतरी."

"कंत्राटदाराच्या माणसानं ओतली असेल," बाबा घाईघाईनं म्हणाले. "मी डबा दारातच ठेवला होता. रंगाला हातसुद्धा लावला नाही, दादा."

"मला यात ओढू नका," कंत्राटदार म्हणाला. "माझ्या पुढच्या चार इमारतींचं काम हवं म्हणून हेच आले होते माझ्याकडे." चोर तो चोर, वर शिरजोर! पण खोटं बोलत नव्हता.

काकांनी दिवा बाबांच्या हातांवर धरला. आदल्या संध्याकाळी बाबा मोरीत केवढा वेळ हात घासत होते, ते मी बघितलं होतं. साध्या उजेडात हात स्वच्छ दिसत होते. दिव्याखाली मात्र नखांच्या कडा, बोटांची पेरं, तळहाताच्या रेघा, सगळं हिरवं लखलखत होतं. धुऊन धुऊन विरळ केलेला रंग.

मला बापाची लाज वाटली, आणि त्याहून जास्त राग आला.

"दाट रंग चमकत नाही, हे मीच तुला शिकवलं रे," काका म्हणाले. आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "दुसऱ्या कुणी फसवायचं म्हटलं असतं तर त्याला हे सुचलंही नसतं."

मग मला म्हणाले, "लिही. गळती वरूनच आहे. रंग घालणाऱ्याचं नावही लिही."

मी माझ्या बाबांचं नाव लिहिलं. काकांनी खाली सही केली आणि डबा स्वतःच्या पिशवीत टाकला. 

घरी बाबा सरळ मोरीत गेले. "साबण दे गं," त्यांनी हाक मारली.

मी दिला नाही.