शेवटच्या दोन ओळी

अंतर्देशीय पत्र लिहायला बसल्या की फौजीवहिनी आधी शेवटच्या दोन ओळींच्या वर पेन्सिलीची रेघ मारून ठेवायच्या. त्या ओळी सासूबाईंच्या. वरची जागा कितीही अपुरी पडली, तरी वहिनी रेघेखाली कधी शिरल्या नाहीत.

इंद्रलोक वस्तीतल्या आमच्या इमारतीत त्या समोरच्या घरात राहायच्या. नवरा सैन्यात, म्हणून सगळ्यांच्या तोंडी फौजीवहिनी. पत्रावर इंग्रजीत पत्ता घालायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे पत्र माझ्यापर्यंत उघडंच यायचं. वहिनी साताऱ्याकडच्या, सासूबाई इथल्याच, जवळच्या मुर्धा गावच्या. सासूबाईंना लिहिता येत नसे. त्या पाय वर घेऊन बसायच्या आणि सांगायच्या, "लिव, मी मेली न्हाय अजून. येताना हात हलवत येऊ नको म्हणावं."

"आई, दर वेळी हेच काय? चांगलं काहीतरी सांगा ना!"

"चांगलं तू लिवतेस की वर पानभर. माझं हाय तसं लिव."

वहिनी हसायच्या आणि तसंच लिहायच्या. तिकडून उत्तर यायचं, 'आईस नमस्कार. मेली नाहीस हे वाचून बरं वाटलं.'

त्या वर्षी सीमेवर फौजा समोरासमोर उभ्या राहिल्या. रजा बंद झाल्या. वहिनींच्या नवऱ्याला जिथे ठेवलं होतं तिथून फोनही नव्हता. त्यातच सासूबाई गेल्या. दुपारी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत गेल्या.

स्मशानातून आल्यावर मी त्यांना तार करायचा विषय काढला. वहिनी म्हणाल्या, "नको भाऊजी. सोडणार तर नाहीतच त्यांना. मग हातात बंदूक आणि डोळ्यांत पाणी. काही बरंवाईट झालं तर?" मी तार केली नाही.

पुढचं पत्र त्यांनी पत्त्यासाठी आणलं. पाणी एक दिवसाआड येतं, मुलीचा दात पडला, सगळं होतं. रेघेखाली कोरं.

"ते वाक्य लिहवत नाही हो, भाऊजी. हातच पुढे जात नाही."

"मग राहू द्या कोरं."

"कोरं पाहून कळेल ना त्यांना."

शेवटी माझ्याच टेबलाशी टेकून त्यांनी लिहिलं, 'आईंचा तुम्हाला खूप खूप आशीर्वाद. त्या मजेत आहेत.' मी पत्ता घातला.

उत्तर आलं ते वहिनींनी माझ्या हातात दिलं. त्यात 'आईस नमस्कार' नव्हतं. 'आईने जन्मात मला असा आशीर्वाद दिला नाही. तू लपवलंस, तुझा राग नाही. रजा मिळणार नाही. अग्नी कोणी दिला, तेवढं कळव.'

वहिनींनी नवं पत्र उघडलं. सवयीने खाली पेन्सिलीची रेघ मारली. मग वरचं पान कोरंच सोडून रेघेखाली, सासूबाईंच्या जागेत लिहिलं, 'मी दिला.'

मी पत्ता घातला.