सलामीची तोफ

स्थळ नळदुर्गचं होतं. चहापोहे झाल्यावर मुलाचे वडील म्हणाले, "पोरांना जरा किल्ला दाखवून आणा." माझ्या वडिलांनी लगेच मान हलवली. मला बी.एड. करायचं होतं, लग्न नको होतं. लोहाऱ्याहून निघतानाच मी आईला तसं सांगितलं होतं. "नुसतं बघून या," ती म्हणाली होती. इथं तर तारखेची बोलणी सुरू झाली होती.

मुलाची वहिनी सोबत आली, पण गुडघे दुखतात म्हणून पायथ्याशीच बसली. आम्ही दोघं उंच बुरुजावर चढलो. वर ती लांबलचक तोफ, उन्हानं तापलेली. तो तिच्याविषयी सांगू लागला, तेवढ्यात खाली कुणीतरी पाला पेटवला. धूर वर आला आणि तटाला लागलेलं आग्या मोहोळ उठलं.

"खाली बसा! हलू नका!" तो म्हणाला.

तोफेला चिकटून आम्ही उकिडवे बसलो. माझी ओढणी दोघांच्या डोक्यावर. पायऱ्यांच्या तोंडाशी माश्याच माश्या. एक माझ्या कपाळाला डसली. ओरडायचीही सोय नव्हती. पाठीला तोफ भाजत होती, ओढणीखाली जीव गुदमरत होता.

तो हळू आवाजात सांगतच राहिला, बहुतेक भीतीनं. "आमचे आजोबा म्हणायचे, ही लढाईत कधी उडालीच न्हाय. कुणी मोठा सरदार आला की सलामीचा बार काढायचे. त्यासाठीच हत्ती लावून वर चढवली. पुढं सलाम्या बंद झाल्या. खाली उतरवणं कुणालाच जमलं न्हाय. राहिली मग इथंच."

"मला हे लग्न करायचं नाही," मी म्हणाले.

त्यानं ओढणी जरा माझ्याकडं सरकवली. मग म्हणाला, "मी सांगू का घरी? मला पसंत न्हाय म्हणून?"

क्षणभर हायसं वाटलं. "नको. तुम्ही नाही म्हणालात तर मला दुसरीकडं दाखवतील. मीच सांगते."

ऊन कललं तशा माश्या बसल्या आणि खाली थांबलेल्या वहिनीला घेऊन आम्ही परतलो. त्यांच्या घरी सगळे हसत आमची वाट बघत होते. दारातच मी सांगून टाकलं. परतीच्या जीपमध्ये वडिलांनी तोंड उघडलं नाही. दोन अनोळखी बायकांच्या मध्ये मी अंग चोरून बसले होते.

घरी आईनं डंखावर हळद लावली. "एवढीच हळद लागली म्हणायची तुला," म्हणाली आणि तिलाच हसू आलं.

वडिलांचा अबोला मात्र उन्हाळाभर टिकला. कॉलेजात प्रवेश घ्यायच्या दिवशी ते न बोलताच माझ्यासोबत एसटीत चढले. दोघांची तिकिटं काढली आणि खिडकीकडं तोंड करून बसले.