खाम नदीचा नारळ

सासरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी मी एक साधा प्रश्न विचारला आणि तो मला फार महागात पडला. घरामागून पाण्याची एक बारीक धार चालली होती. मी आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, विचारलं, "हा ओढा कुठला?"

माझं माहेर पैठणच्या खाली, गोदावरीच्या काठी. आमच्याकडं तिला गंगाच म्हणतात. पलीकडच्या काठावर बाई आहे की बापया, हे कळायला डोळे बारीक करावे लागायचे. त्या मापानं खाम म्हणजे ओढाच, त्यात माघ महिना. पण आत्याबाई खुलताबादच्या. डोंगरावरचं गाव, नदीचं नाव नाही. लग्न होऊन औरंगाबादला आल्या तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या नदीला हात जोडले होते. तिला कालची पोर ओढा म्हणाली, हे त्यांच्या जिव्हारी लागलं.

महिना-दीड महिन्यानं माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचं बोलावणं आलं, तेव्हा बोलल्या. "सासरच्या नदीची ओटी भरल्याबिगर सुनेनं माहेरी जायचं नसतंय. खण-नारळ सोड. नारळ वाहत डोळ्याआड गेला की तूबी जा."

मामंजी शाळेत भूगोल शिकवायचे. पोलीस अ‍ॅक्शनच्या आधी उर्दूत, नंतर मराठीत आणि घरी दोन्हीत. त्यांनी मला नदी समजावून सांगितली. जटवाड्याच्या डोंगरातून निघते, हर्सूलवरून पाणचक्कीजवळ येते, शहर ओलांडते आणि पैठणच्या वर गोदावरीला मिळते. गोदावरीची मुआविन, म्हणजे उपनदी. "म्हणजे नारळ थेट तुझ्या माहेरी जाणार," ते म्हणाले. भूगोल बरोबर होता, फक्त पाणी नव्हतं.

पहिला नारळ चार हात गेला आणि रंगाऱ्याच्या कापडात अडकला. आमच्या घराखालीच एक म्हातारा रंगारी रंगवलेल्या कापडाची लांबलचक थानं धुवायचा. ज्या रंगाचं थान, त्या रंगाची नदी. त्यानं नारळ पुसून अदबीनं परत आणून दिला. प्रामाणिक माणसाचा इतका राग मला पुन्हा कधी आला नाही. दुसरा मी गोधड्या धुणाऱ्या बायकांच्या खाली सोडला. तो दगडात रुतला आणि माझं प्रकरण सगळ्या आळीला कळलं. तिसरा एका म्हशीपाशी थांबला. म्हैस पाण्यात बसलेली, उठायला तयार नाही. आत्याबाई कमरेवर हात ठेवून काठावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "दिसतोय अजून."

लग्न आठ दिवसांवर आलं. चौथा नारळ घेऊन मी एकटीच गेले. तो रंगाऱ्याच्या हिरव्या थानात गुरफटला, तेव्हा मात्र मी त्याच्याच दगडावर बसून रडले. त्याला सगळं सांगितलं, अगदी ओढ्यासकट.

"रो नक्को, बेटी," तो म्हणाला. "पाचोड के बाजार को मैं जाताइच. तेरे बाप को देतूं." पाचोड आमच्या माहेरच्या बाजूचं, वडील दर बाजाराला तिथं असायचेच. मी त्यांची खूण सांगितली: पिवळा पटका, आणि बैलबाजारात सगळ्यात मोठा आवाज. त्यानं नारळ गाठोड्यात टाकला.

घरी आत्याबाईंनी विचारलं, "गेला?"

"डोळ्याआड गेला," मी म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं.

"मी बघितला नाय. ते धरायचं नाय."

चौथ्या दिवशी वडील दारात. उपरण्यातून त्यांनी हिरव्या डागांचा नारळ काढला आणि आत्याबाईंपुढं ठेवला.

"विहीणबाई, गंगेत आंघोळीला उतरलो तर ह्यो पायाला लागला. तुमच्या नदीनं धाडला म्हणायचा."

आत्याबाईंनी नारळ हातात फिरवला. हिरवा रंग त्यांच्या बोटांना लागला. "किती दिवसांत आला?"

"तीन."

"लई लवकर आला."

"ओढा असता तर पावसाळ्यापातूर वाट बघावी लागली असती," वडील म्हणाले. "नदी हाय म्हणून आला."

मामंजी तिथंच बसले होते. मास्तर असूनही त्या दिवशी त्यांनी कुणाची चूक काढली नाही. आत्याबाईंनी बोटांवरचा हिरवा रंग पदराला पुसला. मग उठल्या आणि माझ्या लुगड्यांचं बोचकं त्यांनी स्वतः बांधलं. माझ्या त्या एका शब्दाची मला तेव्हा खरी लाज वाटली.

निघताना त्यांनी माझ्या हातात नवा नारळ ठेवला. "तिथं गंगेची ओटी भर, माझ्या नावानं. वरच्या नदीकडून हाय म्हणावं."

बहिणीचं लग्न लागलं, आणि दुसऱ्या दिवशी मी तो नारळ गंगेत सोडला. पदर सावरून वर बघेपर्यंत तो दिसेनासा झाला होता.

परत आल्यावर आत्याबाईंनी पाणीसुद्धा न देता आधी तेच विचारलं.

"गेला," मी म्हणाले. "पण अडकत अडकत गेला. लई वेळ लागला."